काचेतले पाणी

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या मागल्या अंगास, लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग आणि ओल्या राखेच्या राशी यांच्यामध्ये, पत्र्याची एक उंच शेड आहे. तेथे सकाळी सात वाजता पाळी बदलते, आणि येणारा व जाणारा यांनी परस्परांस रामराम घालण्यापूर्वी दोघांचीही दृष्टी एकाच ठिकाणी जाते : बाष्पकाच्या अंगावर पितळी कोंदणात बसवलेल्या, वीतभर लांबीच्या काचेच्या नळीवर. दहा किलो दाबाखाली कोंडलेल्या त्या अजस्र पात्रात पाणी किती आहे, याची डोळ्यांस मिळणारी खबर काय ती एवढीच. ही खबर वाचण्याची, आणि ती खोटी असेल तेव्हा ओळखण्याची, लायकी या इसमापाशी आहे असा सरकारी दाखला ज्याच्याजवळ असेल, त्याच्याच ताब्यात ते यंत्र देता येते. सरकारी दफ्तरात त्याचे नाव ‘बाष्पक परिचर’. कारखान्यात मात्र तो नुसता ‘सेकंड क्लास’ किंवा ‘फर्स्ट क्लास’. ‘सेकंड क्लास आले का?’ असे विचारले म्हणजे माणूस समजतो.

कायद्यास ही सावधगिरी अपघातांनी शिकवली. १८६३ साली कलकत्त्यात एक बाष्पक फुटून माणसे दगावली आणि पुढल्याच वर्षी बंगाल प्रांताने तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, त्या सर्वांची जागा १९२३ च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने घेतली, आणि शतकभर अंमल चालवून २०२५ मध्ये त्यानेही आपली गादी नव्या अधिनियमाच्या हवाली केली. भीती कशाची, हे समजून घेतले पाहिजे. दहा किलो दाबाच्या बाष्पकातील पाणी सुमारे १८४ अंश सेल्सिअस इतके तप्त असते आणि केवळ दाबामुळेच ते पाणी म्हणून राहिलेले असते. पात्र फुटले, दाब एकाएकी नाहीसा झाला, की त्या पाण्याचा जवळजवळ सहावा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो, आणि एका लिटर पाण्याची मोकळ्या हवेतली वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. वाफेपेक्षा पाण्याचीच दहशत अधिक, ही गोष्ट नवशिक्यास प्रथम खरी वाटत नाही.

दाखल्याची वाट कागदावर सरळ आहे. वयाचा पुरावा, प्रकृती व दृष्टी धडधाकट असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, छायाचित्रे, विहित नमुन्यातील अर्ज, परीक्षेची फी. आणि या सर्वांहून मोलाचा, बाष्पकावर प्रत्यक्ष काम केल्याचा मालकाच्या सहीशिक्क्याचा अनुभवाचा दाखला. आधी दुसऱ्या वर्गाची परीक्षा. त्या दाखल्यावर ठरावीक मुदत पाळ्या केल्यावर पहिल्या वर्गाची. कोणत्या वर्गाच्या माणसाने केवढा बाष्पक सांभाळावा, हे आगीची धग लागणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून ठरते, आणि फार मोठ्या बाष्पकांस बाष्पक प्रचालन अभियंता लागतो. अनुभवाचा कागद मिळवणे अवघड नसते; ओळखीच्या ठिकाणी तो चहाच्या कपावरही मिळतो. अनुभव मिळवणे ही मात्र निराळी बाब आहे, आणि माझ्या वाट्यास तो एका रात्रीत आला.

मी तेव्हा एका कारखान्यात आगवाला होतो. काम भट्टीत लाकूड टाकण्याचे, राख ओढण्याचे, आणि मिस्त्री सांगतील तो आकडा वहीत लिहिण्याचे. बाष्पक जुना होता आणि पाण्याचा पंप हाताने चालू करावा लागे. अशा बाष्पकास पाणी दाखवणाऱ्या काचा दोन असतात, परंतु त्यांपैकी एक फुटून आठवडा लोटला होता आणि नवी आणण्याची निकड वरच्या कोणास वाटली नव्हती. रात्रपाळीत, अडीचच्या सुमारास, काचेत पाणी निम्म्यावर दिसत होते. मी वहीत ‘ठीक’ लिहिले. मिस्त्री मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ काचेकडे पाहत राहिले.

“काच बघितलीस, पोरा. पानी बघितलंस का?”

मला प्रश्नच उमगला नाही. ते म्हणाले, “हलतंय का बघ की.”

पाणी हलत नव्हते. उकळत्या पाण्याशी जिचा संबंध शाबूत आहे त्या काचेत पातळी कधीच निश्चल राहत नाही. ती किंचित लवलवत असते, झोपलेल्या मुलाच्या पोटासारखी. मिस्त्रींनी खालचा निचऱ्याचा कॉक उघडला. काच रिकामी झाली आणि वाफ फुत्कारत बाहेर पडली. मग त्यांनी वाफेचा कॉक बंद केला. आता पाण्याच्या वाटेने पाण्याचा लोट यावयास हवा होता. काहीच आले नाही. खालची वाट गाळाने बुजली होती, आणि इतका वेळ आम्ही ज्यास बाष्पकातील पाणी समजत होतो ते वरून आलेल्या वाफेचे निवून साचलेले पाणी होते. त्यांनी भट्टीस हवा देणाऱ्या पंख्याची कळ दाबून तो थांबवला, मला भट्टीपासून मागे सारले, आणि कॉक पुन्हा पुन्हा झटक्याने उघडून मिटला, तेव्हा कोठे काळपट चिखल उडाला व त्यामागून पाणी आले. निचरा बंद केल्यावर ते काचेत चढले, अगदी तळच्या नटापाशी येऊन थांबले, आणि तेथे लवलवू लागले. दिसत होते, एवढ्यावर निभावले. मगच त्यांनी पंप चालू केला.

परीक्षेच्या दिवशी तोंडी परीक्षेसाठी माझ्या अगोदर गेलेला उमेदवार पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. काचेत पाणी मुळीच दिसत नसेल तर काय कराल, या प्रश्नास त्याने ‘पंप चालू करीन’ असे उत्तर दिले होते. व्यवहारी बुद्धीचे हे उत्तर बाष्पकाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते, कारण उघड्या पडून तापलेल्या लोखंडावर पाणी गेले की ते एकदम वाफ होते आणि लोखंडही तडकते. तेथे आधी काच तपासावी. पाणी खरोखरच नसेल तर इंधन व हवा तोडावी, आग विझवावी, आणि पाण्यास, मुख्य झडपेस वा सुरक्षा झडपेस हात न लावता बाष्पक आपोआप निवू द्यावा.

माझ्यापुढे परीक्षकांनी निराळाच प्रश्न ठेवला. “काचेत पाणी निम्म्यावर आहे. काय समजाल?”

“हलत नसेल तर काहीच समजणार नाही, साहेब. आधी कॉक उघडून बघीन.”

“कोणता आधी?” त्यांनी विचारले, आणि पुढली दहा मिनिटे त्या तीन कॉकांवरच गेली. पुस्तकातला क्रम मला पाठ होता. पण उत्तरे देत होते ते माझे हात, मेजावर नसलेले कॉक उघडीत आणि मिटीत.

आज माझा दाखला शेडच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेला आहे आणि वही एका नव्या आगवाल्याच्या हाती आहे. नवा बाष्पक पाणी कमी झाले की आपण होऊन पंप चालू करतो, आणखी कमी झाले तर भोंगा वाजवून आगीची हवा तोडतो. म्हणून पोराने परवा पाळीच्या आरंभीच सकाळपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत ‘ठीक’ लिहून ठेवले होते. मी त्याला ते खोडावयास लावले, आणि पहिला ‘ठीक’ त्याने लिहिला तो निचऱ्याच्या कॉकची वाफ लागून ओल्या झालेल्या हाताने. अक्षर फुटले आहे. पण त्या पानावर विश्वास ठेवण्याजोगे अक्षर तेवढेच आहे.