जखम भरते, पाय चालायचा राहतो

हैदराबादच्या गच्चीबावलीतली पुल्लेला गोपीचंद यांची बॅडमिंटन अकादमी ऑलिम्पिक पदकांमुळे देशभर माहीत आहे. दुखापतीतून माणूस कसा सावरतो, याबद्दलही या अकादमीकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. १९९४ मध्ये पुण्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना गोपीचंद जोडीदारावर आदळले आणि त्यांच्या गुडघ्यातला महत्त्वाचा अस्थिबंध फाटला. त्यानंतर गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. तरीही १९९६ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले आणि २००१ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. याच अकादमीत २०१८ मध्ये सराव सुरू केलेल्या मानसी जोशी यांनी अपघातात डावा पाय गमावला होता. २०१९ मध्ये बासेलला त्या पॅरा-बॅडमिंटनच्या जगज्जेत्या ठरल्या. अशा हकिगतींचं तात्पर्य आपण एका शब्दात सांगतो : जिद्द. ते अपुरं आहे, आणि घरोघरच्या रुग्णांवर त्यातून अन्यायही होतो. ज्याचा गुडघा वाकत नाही, ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, तो मनानेच कमी पडला असा त्याचा अर्थ निघतो. जिद्द लागतेच. पण ती कामी येण्यासाठी मोजून दिलेला भार, योग्य साधन आणि लक्ष ठेवणारं जाणकार माणूस लागतं. म्हणून पुनर्वसन हा उपचारांचाच भाग आहे.

शरीराचा कारभार पाहिला की हे पटतं. स्नायू वापरात नसले की झपाट्याने झिजतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं गेलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायूभाग घटला. हाडाचंही तसंच : ताण पडतो तिथे ते घट्ट होतं, ताण नसेल तिथे विरळ होत जातं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त विश्रांती हेच नवं दुखणं ठरतं. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा रुग्णाच्याच शरीरातला स्नायूबंध बसवतात. त्यात नवा रक्तपुरवठा रुजेपर्यंत तो आधी कमकुवत होतो आणि मग महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. सूज उतरली, दुखणं थांबलं, म्हणून गुडघा तयार झाला असं होत नाही. २०१६ मधल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी होत गेल्याचं दिसलं. ‘सोसेल तेवढं कर’ आणि ‘अजिबात हलू नकोस’ हे दोन्ही सल्ले त्यामुळे सारखेच धोक्याचे. औषधाप्रमाणे व्यायामाचीही मात्रा ठरवावी लागते आणि दर टप्प्यावर ती बदलावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ही खेळाडूंची उदाहरणं, त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक आणि फिजिओ असतात, सामान्यांचं काय? मानसी जोशी यांचा प्रवास या आक्षेपाला बराच छेद देतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत दुचाकीवरून कामाला जाताना ट्रकची धडक बसली, तेव्हा त्या व्यावसायिक खेळाडू नव्हत्या, सॉफ्टवेअर इंजिनिअर होत्या. लहानपणापासून आवडीने खेळलेलं बॅडमिंटन त्यांनी कृत्रिम पाय बसवल्यावर पुन्हा हाती घेतलं ते आधी सावरण्यासाठी. पदकं नंतर आली. त्यांच्या एसएल-३ गटात एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टवर होतो. शरीराची मर्यादा ओळखून नियम बदलले, म्हणून कस लावता आला. घरातल्या रुग्णासाठीही हेच करता येतं. जिना चढवत नसेल तर आधी एकच पायरी, आणि तीही कठड्याला धरून.

आता गोष्ट साधनांची, आणि तिचं उत्तम उदाहरण हैदराबादेतच आहे. पूर्वीचं निजाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणजे आजची निम्स, निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. ए. पी. जे. अब्दुल कलाम हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत असताना निम्समधल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी तिथे क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं हलकं संमिश्र साहित्य हातात घेऊन पाहिलं आणि कलामांना थेट आपल्या रुग्णांकडे नेलं. पोलिओ झालेली मुलं तीन किलोंहून जड धातूचे कॅलिपर पायात घालून फरफटत चालत होती. तीन आठवड्यांत तेच साधन ३०० ग्रॅमचं झालं, असं कलाम भाषणांत सांगत. मुलांची जिद्द आधीही तेवढीच होती. बदललं ते पायातलं वजन.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. तो खरा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी दवाखाना गाठणं परवडत नाही. जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनाचा उपयोग होईल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या गरजेला चैन म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्चून पुढचे सहा महिने रुग्णाला वाऱ्यावर सोडणं हा पैशांचाही अपव्यय आहे, हे सरकारी योजनांनी आणि विमा कंपन्यांनी मान्य करायला हवं. मोफत जयपूर फूट देणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने दाखवून दिलं आहे की स्वस्त साधन निकृष्टच असतं असं नाही. आणि बरेचसे व्यायाम घरीही होतात, फक्त ते कुणी तरी नीट शिकवावे लागतात आणि मधूनमधून तपासावे लागतात.

घरच्या माणसांचाही यात मोठा वाटा आहे. आजाऱ्याला पाण्याचा पेला हातात नेऊन देण्यात माया असते, हे कुणी नाकारणार नाही. ताप, नुकतंच मोडलेलं हाड, हृदयावरचा ताण अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती पाळायलाच हवी. पण ती मुदत संपल्यावर त्याला स्वतः उठून पेला घेऊ देणं, पडणार नाही एवढ्या अंतरावर उभं राहणं, हीसुद्धा मायाच आहे आणि ती जास्त कठीण आहे. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळांबरोबर चार उत्तरं मागून घ्यावीत : कोणती हालचाल, किती, कधीपासून वाढवायची, आणि कोणती लक्षणं दिसली की थांबायचं. ही उत्तरं मागणं रुग्णाचा हक्क आहे, आणि ती न विचारता देणं रुग्णालयाचं कर्तव्य.