घराच्या जमिनीखालची मुलं

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या उत्खननात एक दृश्य घरोघरी दिसलं. चोपून घट्ट केलेल्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात करड्या रंगाचे दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड भिडवून ठेवलेले. रांजणात तान्ह्या मुलाची नाजूक हाडं, जवळ एखादं लहान भांडं. खड्डा बुजवून त्यावर पुन्हा जमीन केलेली, आणि त्याच घरात पुढे चूल पेटत राहिलेली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपलं लेकरू घराबाहेर जाऊ दिलं नाही.

डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इनामगावला उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचं हे काम. इ. स. पू. 1600 ते 700 एवढ्या काळात वस्ती टिकली होती. शंभराहून अधिक घरं आणि दोनशेहून अधिक दफनं सापडली, आणि त्यांत लहान मुलांचीच संख्या मोठी. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची एवढी जवळून ओळख दुसऱ्या कुठल्याही गावाने करून दिलेली नाही, असं मला वाटतं.

रत्नागिरीच्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल, की आपल्याकडे असं काही का नाही? उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण ती कोरणाऱ्यांचा सांगाडा काही हाती लागत नाही. कारण पायाखालीच आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. अशा मातीत हाड विरघळून जातं. देशावरच्या काळ्या मातीत चुना असतो, म्हणून तिथे दुधाचा दातसुद्धा टिकतो. तेव्हा पहिल्या शेतकऱ्यांची हाडं पाहायची, तर आंबा घाट चढून वर जावं लागतं.

मोठ्या माणसांना इनामगावकर वेगळ्या रीतीने पुरत. खड्ड्यात उताणं निजवायचं, डोकं उत्तरेकडे. आपल्या घरात आजही उत्तरेला डोकं करून झोपलं की आजी ओरडते, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तीन हजार वर्षं एकच रीत चालत आली, असं मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे मृताची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, घरातून निघून जाऊ नये, म्हणून हे करत असावेत असं उत्खननकर्त्यांनी सुचवलं. भीतीपोटी की मायेपोटी, हे हाडं सांगत नाहीत. पण ज्याला घरातच ठेवलं त्याची नुसती भीती वाटत असेल, हे मला पटत नाही.

या रीतीला एक ठळक अपवाद आहे. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, धान्याच्या कोठारासह. त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, मोठ्या पोटाचा रांजण निघाला. त्यात चाळिशीच्या आसपासचा पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावलं शाबूत होती. हा गावचा प्रमुख असावा, असं ढवळीकरांचं मत. घर मोठं, कोठार हाताशी आणि मरणाचा मानही वेगळा, हे तिन्ही एकाच ठिकाणी जुळून येतात, म्हणून ते मत मला वजनदार वाटतं. गावात पाण्याचा पाट काढलेला होता, त्याला बांध होता. असं काम करवून घ्यायला कोणाचा तरी शब्द चालावा लागतो.

मानपान मोठ्यांपुरतेच होते असंही नाही. त्याच काळातल्या नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याचे क्षार मुरल्यामुळे मण्यांतला धागासुद्धा टिकला, आणि तपासल्यावर तो कापूस आणि रेशमाचा निघाला. चांडोलीच्या अशाच माळेत जवसाचे तंतू मिळाले. तांबं त्या काळी दुर्मीळ, रेशीम त्याहून. त्या लेकराने स्वतःच्या कर्तृत्वावर काही मिळवलं असणं शक्य नाही. ते ज्या घरात जन्मलं त्या घराची ऐपत त्या माळेत दिसते. म्हणजे शेतीच्या पहिल्या काही शतकांतच श्रीमंती जन्माने मिळू लागली होती.

आता मूळ प्रश्न. एवढी मुलं का गेली? तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक या कितीतरी जुन्या शेतकरी गावातही घराच्या जमिनीखाली माणसं पुरलेली आढळतात, आणि त्यांतही मुलं पुष्कळ. शेतीने माणूस एका जागी बसला. धान्याची पेज मिळू लागल्यावर मूल आईच्या दुधावरून लवकर सुटलं, दोन बाळंतपणांतलं अंतर कमी झालं. त्याच अंगणात गुरं, त्याच पाण्यात सगळ्यांचे हात. मुलं जास्त जन्मली आणि जास्त दगावली. पुरलेल्या मुलांचा आकडा मोठा दिसला, की लगेच साथ किंवा दुष्काळ मनात येतो. जन्म वाढले तरी तो आकडा वाढतो, हे हाडांचे अभ्यासक आवर्जून सांगतात.

दुधाच्या दातांनी तर आईचीही हकिगत जपली आहे. या दातांचं कवच मूल पोटात असतानाच तयार होऊ लागतं. त्या दिवसांत आई उपाशी किंवा आजारी असली, तर कवचात खोबण राहून जाते आणि ती पुढे भरून येत नाही. जॉन ल्युकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे दात याच नजरेने तपासले. ज्या बायकांनी लिहून काही ठेवलं नाही, त्यांच्या गरोदरपणातल्या ओढग्रस्तीचा माग असा लेकरांच्या सुळ्यांवर मिळतो.

इ. स. पू. 1000 च्या सुमाराला गावाची कळा बदलली. चौकोनी, प्रशस्त घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस ओसरला, शेती आटली आणि लोक गुरं-मेंढरं, शिकार यांच्या मागे लागले, अशी ढवळीकरांची मांडणी. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांच्या हाडांवर 2011 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या, पण त्या सगळा दोष पावसाला देत नाहीत. माणसं वाढली, जमीन तीच राहिली, हेही त्या हिशेबात धरतात. मला ही दोन्ही म्हणणी एकत्र वाचावीशी वाटतात. एखादं वर्ष कोरडं गेलं की खाणारी तोंडं किती आहेत, यावर त्या वर्षाची झळ ठरते. इ. स. पू. 700 च्या सुमारास इनामगाव ओस पडलं, आणि त्याआधीची दोन-तीन शतकं तिथे काय हाल झाले ते मुलांच्या हाडांच्या जाडीवर मोजता येतं.