लिव्हरची गाठ दुखत नाही, म्हणूनच सोनोग्राफी

जालना जिल्ह्यात आमच्या परतूरकडे सोनोग्राफी म्हटलं की आधी गरोदर बाईच आठवते. पण लिव्हर सिरोसिस झालेल्या माणसालाही दर सहा महिन्यांनी हीच तपासणी करावी लागते आणि तिच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर यांपैकी कारण कोणतंही असो, वर्षानुवर्षं सुजलेलं यकृत व्रणांनी निबर होतं, तोच सिरोसिस. अशा यकृतात कर्करोगाची गाठ सहज उगवते. ती दुखत नाही. वजन उतरलं, कावीळ दिसली, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. पोटातलं पाणी ओसरलं, भूक लागू लागली की पुष्कळ जण दवाखाना सोडतात. हे फार घातक आहे. दारू सुटली किंवा सीचा विषाणू गोळ्यांनी गेला, तरी सिरोसिस असलेल्याने तपासणी थांबवायची नसते.

सोनोग्राफीत १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसली किंवा रक्तातलं एएफपी हे प्रथिन वाढलं, तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन करावा. पाट आणि विहीर दोन्हींवर भिजणाऱ्या शेतासारखं यकृताचं असतं. सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडच्या शिरेतून येतं, बाकीचं धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच ओढते. म्हणून स्कॅनसाठी टोचलेलं औषध धमनीतून येताच गाठ उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसते. सिरोसिसच्या रुग्णात या दोन खुणा स्पष्ट असल्या, तर बहुतेक वेळा तुकडा काढायचीही गरज पडत नाही. मोठ्या गाठीवर उपचारही याच वाटेने होतो. बारीक नळीने त्या धमनीपर्यंत जाऊन केमोचं औषध सोडतात आणि गाठीचं रक्त तोडतात.

२ सेंटिमीटरची गाठ तर सुईच्या उष्णतेने जाळूनच टाकता येते. १९९६ मध्ये मिलानचे डॉ. माझाफेरो यांनी दाखवलं, की ५ सेंटिमीटरपर्यंतची एक किंवा ३ सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी असताना यकृत प्रत्यारोपण केलं, तर चार वर्षांनीही ७५ टक्के रुग्ण जिवंत राहतात. पसरलेल्या रोगावर आता इम्युनोथेरपी आहे, पण ती महागडी आणि आयुष्य वाढवणारी, क्वचितच बरं करणारी.

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. घरात कुणाला सिरोसिस असेल, तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख आजच ठरवा, आणि ती चुकवू नका.