कोयता कधी मारायचा?

गणपती पंधरा दिवसांवर आले की मुंबईतून कोकणात फोन सुरू होतात. ‘घर उघडायचंय, खळं तेवढं साफ करून ठेव.’ शिमग्यानंतर किंवा मे महिना संपल्यावर कुलूप लागलेल्या घराभोवती तोवर कमरेएवढं गवत उभं राहिलेलं असतं. गडग्यावर रानमोडी चढलेली असते आणि विहिरीकडची पायवाट शोधावी लागते. मग गडी मिळेल त्या मजुरीला आणायचे आणि दोन दिवसांत लाल माती दिसेपर्यंत सगळं खरवडून काढायचं. आरतीपुरतं अंगण देखणं दिसतं. दिवाळीला दार उघडलं की पुन्हा हिरवंगार रान स्वागताला हजर! खर्च झाला, कंबर मोडली आणि तण मात्र होतं तिथेच.

दोष असलाच तर तो खरवडण्याचा आहे. मातीच्या वरच्या थरात तणांच्या बियांचा मोठा साठा पडून असतो आणि त्यातल्या अनेक जातींना रुजायला उजेड लागतो. फावडं किंवा कुदळ मारली की खाली दडलेलं बी वर येतं, त्याला ऊन-पाणी मिळतं आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उगवते. शिवाय कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उताराच्या उघड्या परसातली माती पहिल्याच मोठ्या सरीबरोबर वहाळाला मिळते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीसाठी बिननांगरणीची पद्धत रुजवली. पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, हा तिचा एक पाया आहे. परसाला शेताइतकी शिस्त लागत नाही, पण मुळं जागच्या जागी सोडायची ही गोष्ट तिथून उचलण्यासारखी आहे.

म्हणजे कापायचं, पण खणायचं नाही. जमिनीपासून तीन-चार बोटं उंची ठेवून विळ्याने किंवा ग्रास कटरने गवत छाटलं की मुळांचं जाळं माती धरून ठेवतं आणि खालचं बी अंधारातच राहतं. कष्ट निम्मे होतात, कारण सगळ्यात दमवणारं काम उपटण्याचंच असतं.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती वेळ. कोकणातलं बरंचसं पावसाळी तण एका हंगामाचं असतं. जूनच्या पहिल्या पावसात टाकळा उगवतो, ऑगस्ट-सप्टेंबरात त्याला पिवळी फुलं येतात आणि पाऊस सरल्यावर शेंगा वाळून तडकतात. फुलोऱ्याला आलेलं झाड छाटलं तर त्याच्यापाशी पुन्हा वाढून बी धरायला फारसे दिवस उरत नाहीत. छाटणी महिनाभर लांबली तर कापता कापता आपणच पुढच्या वर्षीचं बी परसभर पेरतो. गणपतीच्या आधीची साफसफाई नेमकी या फुलोऱ्याच्या दिवसांत येते. त्यामुळे चाकरमान्याला पंचांग बदलायची गरज नाही. फावडं बाजूला ठेवून कोयता-विळा हाती घ्यायचा आणि पाऊस थांबता थांबता, ऑक्टोबरात, एक हलका हात पुन्हा फिरवायचा. दोन-तीन वर्षं हे नेमाने झालं की मातीतला साठा ओसरू लागतो.

उगवतं ते सगळंच शत्रू नसतं, हेही ध्यानात घ्यावं. टाकळ्याची कोवळी पानं, कुर्डू, घोळ, केना यांच्या भाज्या गावात आवडीने होतात आणि शहरातल्या बाजारात त्यांची जुडी पैसे मोजून घ्यावी लागते. जून-जुलैत शेजारणीला ‘हवा तेवढा टाकळा खुडून न्या’ असं सांगून ठेवलं, तर परसाची पहिली खुडणी फुकटात होते.

काही मंडळी मात्र नुसत्या छाटणीला दाद देत नाहीत. पहिलं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. पुण्याच्या परिसरात १९५५-५६च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. एक झाड हजारोंनी बी टाकतं. त्याच्या परागकणांमुळे काहींना दमा, तर स्पर्शाने अनेकांना त्वचेची खाज सुटते. हे गवत मात्र उपटायचंच, फुलं येण्याआधी, माती ओली असताना आणि हातमोजे घालून. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा, भारतात १९८०च्या दशकात सोडला गेला. पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली तर औषध न फवारता त्याला खाऊ द्यावं. टाकळा दाट उगवतो तिथे गाजर गवताला पाय रोवणं अवघड जातं, हेही बऱ्याच ठिकाणी दिसून आलं आहे. भाजीपुरत्या टाकळ्याला परसात जागा ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

दुसरा लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. वरून उपटला की गाठ तुटून मागे राहते आणि नवे कोंब फुटतात. प्लॅस्टिकचा कागदही तो भोसकून वर येतो. त्याचं खरं वैर सावलीशी, म्हणून त्याच्यावर गर्द सावली पाडणारं काहीतरी वाढवणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

तिसरी घाणेरी. ती कितीही छाटली तरी बुंध्यातून चौपट जोमाने फुटते. जंगलातली घाणेरी हटवण्यासाठी दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली युक्ती परसातही चालते. झुडूप जमिनीवर न तोडता, मातीच्या थोडं खाली, खोड जिथे मुळाला मिळतं तिथे घाव घालायचा आणि तोडलेलं झुडूप उलटं करून ठेवायचं. फूट येते ती याच भागातून; तो भाग निघाला की मूळ मरतं. इथे थोडी खोदाई आहे खरी, पण झाड एकदाच मारावं लागतं.

कापलेल्या गवताचं काय करायचं? बहुतेक ठिकाणी ढीग लावून काडी लावतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बागेतला कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे. फेब्रुवारीनंतर तर अशीच एखादी ठिणगी आंबा-काजूच्या बागेत वणवा होऊन शिरते. त्यापेक्षा बी न धरलेलं गवत पडलं तिथेच पसरू द्यावं. नारळाच्या झावळ्या, सोडणं, आंब्याखालचा पातेरा हे सगळं फुकटचं आच्छादन आहे. पाऊस ओसरल्यावर छाटलेल्या जागेवर जुने पुठ्ठे अंथरायचे, त्यांच्यावरची चिकटपट्टी काढून टाकायची, कडा वीतभर एकमेकांवर चढवायच्या, पाणी मारायचं आणि वर वीतभर पातेरा पसरायचा. उजेड बंद झाल्यावर खालचं गवत काही आठवड्यांत पिवळं पडून कुजतं. एक पथ्य मात्र कोकणात पाळायलाच हवं. हा थर घराच्या भिंतीपासून आणि लाकडी खांबांपासून दोन-तीन हात लांब ठेवायचा, नाहीतर पुठ्ठ्याच्या वाटेने वाळवी घरात येते.

साप हेही भिंतीजवळ कचरा न साठवण्याचं कारण आहे. सापाला गवताचं प्रेम नसतं. गवतात आणि ढिगाऱ्यात उंदीर असतात म्हणून तो येतो. रान कापायला उतरताना गमबूट घालावेत आणि आधी काठीने गवत झोडून घ्यावं. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो आजार गवता-झुडपांत राहणाऱ्या बारीक चिगर माइटच्या अळीच्या चाव्याने होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काम संपल्यावर अंघोळ, हेही गमबुटाइतकंच गरजेचं.

दुसऱ्याचे दात वापरण्याचा उपायही जुनाच आहे. शेजाऱ्याच्या शेळ्या चार दिवस परसात बांधल्या की कोवळी झुडपं आणि वेली फस्त होतात. कॅलिफोर्नियातल्या गुगलच्या मुख्यालयाने २००९ मध्ये आवारातलं गवत संपवायला सुमारे २०० शेळ्या भाड्याने आणल्या होत्या, त्याची जगभर बातमी झाली. आपल्याकडे शेळीवाल्याने विचारलं तर लोक ‘कुंपण मोडेल’ म्हणतात! घाणेरी मात्र जनावरांना विषारी असते. ती असेल तिथे शेळ्या सोडण्याआधी हटवावी. कलमांच्या बुंध्यांना काट्यांचं वेढणंही करावं.

व्हिडिओंमधून फिरणारे मीठ आणि व्हिनेगरचे उपाय स्वस्त दिसतात, पण महागात पडतात. व्हिनेगरने पानं करपतात, मूळ जिवंत राहतं. मीठ पावसाबरोबर मातीत उतरतं आणि जवळची झाडं व विहीर दोन्हींना बाधतं. तणनाशकाचा मोहही आवरावा. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता, आणि त्याआधी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्ककारक’ ठरवलं होतं. पिण्याच्या विहिरीशेजारच्या परसात त्याची गरज पडत नाही.

कायमचा उपाय सावलीचा. रत्नागिरीजवळ भाट्येच्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखीबाग’ प्रसिद्ध आहे. नारळाखाली जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडं. हेतू उत्पन्नाचा असला तरी एवढ्या दाटीत गवताला ऊन मिळत नाही, हा वरचा फायदा. जिथे मसाल्याची देखभाल जमणार नाही तिथे जूनमध्ये रताळ्याचे वेल खोचून द्यावेत, काकडी-भोपळ्याचं बी टाकावं, कडेला हळद आणि सुरण लावावा. रताळ्याचा वेल दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकून टाकतो आणि दिवाळीनंतर जमिनीतून भाजीही देतो.

आणि सगळंच परस चकचकीत ठेवायचा हट्ट सोडायला हवा. घराभोवतीची सात-आठ फुटांची पट्टी, पायवाट, विहीर आणि तुळशीवृंदावन एवढं स्वच्छ असलं की घर राहतं होतं. गडग्यापलीकडच्या कोपऱ्याला वर्षातून एक कापणी पुरते. यंदा गणपतीला फोन करताना ‘खरवडू नका, चार बोटं ठेवून कापा आणि ऑक्टोबरात पुन्हा एकदा या’ एवढं सांगा, आणि त्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच देऊन ठेवा.