फुटक्या कोषातही तेच रेशीम



उझी माशीने भोक पाडलेला कोष आपण बाजूला काढतो, कारण त्याचा धागा सलग निघत नाही. पण एका कामात कोष कापूनच घेतात. तिथं भोकाची अडचण नाही.

प्रयोगशाळेत कोषाचे तुकडे धुण्याच्या सोड्यात उकळतात. वरचा डिंक (सेरिसिन) सुटतो. उरलेलं फायब्रॉइन हे प्रथिन विरघळवून सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात. सुईतून निघालेली बारीक धार हवेतच वाळते आणि समोरच्या पत्र्यावर तिची जाळी बसते. तिचा तंतू आपल्या केसापेक्षा शंभर पटीनं बारीक! या जाळीवर शरीराच्या पेशी धरतात. म्हणून जखमेच्या पट्टीसाठी तिच्यावर संशोधन चालू आहे.

मात्र हुरळून जाऊ नका. प्रयोगशाळेला माल ग्रॅमनं लागतो. आपला भाव आजही सलग धाग्यावरच ठरतो. ‘मेडिकल रेशीम’ म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका, आधी कंपनीत विचारा.

आज करायचं काम: संगोपनगृहाच्या दारं-खिडक्यांची जाळी तपासा, फाटली असेल तर बदला. फुटके कोष चांगल्या मालात मिसळू नका.