वांग्याचं फूल आणि वाशातला भुंगा

गच्चीवरच्या वांग्याला फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही; मधमाश्यांची पेटी आणून ठेवू का, असं एका वाचकांनी विचारलंय. मधासाठी हवी तर जरूर ठेवा. वांग्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

वांग्याचं फूल जवळून पाहा. मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका दिसेल. बहुतेक फुलांचे परागकोश उभे उकलतात आणि पराग उघडे पडतात. वांग्याच्या परागकोशाला मात्र टोकाशी बारीकसं छिद्र, पावडरच्या डब्यासारखं; हलवल्याशिवाय काही बाहेर पडायचं नाही. शिवाय या फुलात मकरंदही नाही. वाऱ्याने थोडे पराग सांडतात, त्यावर काही फळं धरतातही. पण ही कला खरी साधलीय ती भुंग्याला. घराच्या वाशाला भोक पाडतो म्हणून आपण हाकलतो, तोच हा काळाकुट्ट भुंगा. पराग गोळा करते ती मादी. ती सुळका कवटाळते, पंख मिटते आणि उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवते. उडतानाची घूंऽऽ एकदम वरच्या पट्टीत जाते आणि पिवळी भुकटी तिच्या पोटावर उडते. सातेरी असो की पेटीतली मेलिफेरा, मधमाशीला हे जमत नाही. मातीत बीळ करणाऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माशीला जमतं.

भुंगा, ही माशी आणि मधमाश्या ज्या गोतावळ्यातल्या, त्यात 20,000 च्या वर जाती आहेत. खऱ्या मधमाश्या त्यांत जेमतेम दहाएक, पण बातम्या सगळ्या त्यांच्याच. मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाल्याचं सांगतात. त्याला पुरावा नाही. ज्वारी, बाजरी, भात, गहू यांचं माशीवाचून अडत नाही. भाकरी मिळेल, पंचाईत होईल ती भरताची!

तेव्हा अंगणात फरशी घालताना एक कोपरा उघड्या मातीचा राहू द्या. वाळका, पोकळ बांबू आडवा बांधून ठेवा. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका, निळ्या पट्टेवालीला त्या फार आवडतात. फवारणी करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करा.

भुंगा येईपर्यंत विजेवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला क्षणभर टेकवून बघा. आधी फूल मात्र तपासा: स्त्रीकेसर सुळक्याबाहेर डोकावत असेल तरच आशा. तो आत आखूड राहिलेली फुलं भुंगा येऊनही बहुधा गळतातच.