पाय ठणठणीत आहेत, मग गोळी कशाला?

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या, की गडचिरोली-चंद्रपूरकडे हा प्रश्न हमखास येतो. त्याला अडाणीपणा म्हणणं हाच मला पहिला गैरसमज वाटतो. दुखत-खुपत नसताना औषध घ्यायला कोणीही कचरतं. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र कोणी धड देत नाही.

उत्तर असं, की सूज नाही म्हणजे रोग नाही, असं नसतं. क्युलेक्स डासांमार्फत शिरलेले जंत अंगात अनेक वर्षं जगतात आणि सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहतात. बाहेरून काही दिसत नाही. डास मात्र त्याच धडधाकट माणसाला चावून पिल्लं उचलतो आणि शेजाऱ्याकडे नेतो. ही पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घेतात. त्यात लपवाछपवी काही नाही. एकदा पाय हत्तीसारखा झाला, की गोळ्यांनी तो पूर्ववत होत नाही. म्हणून गोळी आधी घ्यायची.

‘गोळीने चक्कर येते’ ही तक्रार मात्र खोटी नाही. रक्तातली पिल्लं मरू लागली की काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ होते आणि बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्याच्या अंगात बहुधा जंत होते. हे गोळी देण्याआधीच सांगायला हवं. नंतर सांगितलं, तर ती सारवासारव वाटते आणि पुढच्या वर्षी अख्खी आळी दार लावून घेते. गोळी उपाशीपोटी देऊ नये; दोन वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना देतच नाहीत.

गोळ्यांनी मूल होत नाही, ही कुजबुज निराधार आहे. उलट पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते, ती या रोगानेच.

‘ठेवून जा, जेवल्यावर घेतो’ म्हटलं, की गोळ्या फडताळातच राहतात. म्हणून समोर गिळायला सांगतात. त्यात अविश्वास वाटतो हे खरं; पण वाटलेल्या गोळ्यांनी साखळी तुटत नाही, पोटात गेलेल्यांनीच तुटते. निदान ६५ टक्के लोकांनी घेतल्या तरच फेरी कामी येते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. माणसं शेतावर असताना घरोघर फिरून तो कसा गाठणार? फेरी संध्याकाळी, जेवणवेळेनंतर काढा. शंका विचारायला उंबऱ्यावर पाच मिनिटं थांबा आणि कर्मचाऱ्यांनी आपल्या वाट्याची गोळी गावासमोर घ्यावी.